तारीख चुकवणारी आई

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

आम्ही गोव्यात, बार्देशमधल्या एका गावात राहतो, म्हापशापासून आठेक किलोमीटरवर. घरामागे आमच्या दोन जुन्या खोल्या आहेत. एकीत तीन वर्षांपासून महाराष्ट्रातल्या दोडामार्गकडचं जोडपं भाड्याने राहतं. ओळखीतून आलेली माणसं, त्यामुळे करारबिरार काही केला नाही. नवरा गवंडी. बायको सकाळी आमच्यासकट तीन घरची कामं करते आणि दुपारी चार ते रात्री दहा एका हॉटेलात भांडी घासते. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची.

मुलाला पावसाळ्यात धाप लागते. जूनपासून चार वेळा त्यांनी मध्यरात्री आमचं दार वाजवलं आणि माझ्या यजमानांनी गाडी काढून त्यांना इस्पितळात नेलं. तिथे नेब्युलायझरने औषधाची वाफ देतात, सकाळी घरी पाठवतात आणि आठ दिवसांनी ओपीडीत या म्हणून तारीख देतात. ती एकदाही गेलेली नाही. मुलीला नऊ महिन्यांनंतर एकही लस दिलेली नाही. माझ्या नातवाच्या कार्डावर या वयापर्यंत चार-पाच नोंदी जास्त होत्या. इस्पितळ फुकट, लस फुकट, आणखी काय हवं? मी दोनदा पाचशे-पाचशे रुपये दिले, त्यांचं काय झालं कोण जाणे. वर हे लोक खोलीतच चूल पेटवतात, कपडे आतच वाळत घालतात, मागची भिंत काळी-हिरवी करून टाकली आहे. चाइल्डलाइनला कळवू का? की चवथ (गणेश चतुर्थी) झाली की खोली सोडायला सांगू? यजमान म्हणतात, तू त्यात पडू नकोस. पण मध्यरात्री दार वाजलं की उघडावं तर लागतंच.

उत्तर

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. चार वेळा दार वाजलं आणि चारही वेळा उघडलं गेलं. तुमचा राग त्या मुलाच्या काळजीतूनच आलाय, हे धरून मी लिहिते. थोडं टोचेल, पण तुम्ही ऐकून घ्याल असं वाटतं.

आधी मुलीच्या लसीचं, कारण ते सोपं आहे. सरकारी वेळापत्रकात नवव्या महिन्याच्या लसी झाल्या की त्यापुढचा टप्पा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान येतो. तेव्हा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटी व पोलिओचे बूस्टर देतात. मुलगी दीड वर्षाची, म्हणजे १८ महिन्यांची आहे. नवव्या महिन्यापर्यंतचं सगळं कार्डावर असेल तर तिची लस चुकलेली नाही, तिची वेळ आत्ता चालू आहे. तुमच्या नातवाचं कार्ड बहुधा खासगी बालरोगतज्ज्ञाकडचं असणार. त्यात कावीळ ए, कांजिण्या वगैरे सरकारी यादीत नसलेल्या लसीही असतात. दोन वेगळी वेळापत्रकं शेजारी ठेवली आणि एका आईला नापास केलं, असं झालंय. आणि लस खरंच चुकलेली असती तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे देतात. परराज्यातलं कार्ड आहे म्हणून आरोग्य केंद्रात कुणी लस नाकारत नाही.

आता मुलाकडे येऊ.

तुमच्याच पत्रावरून मी तिचा दिवस कागदावर मांडला. सकाळी तीन घरं, मग स्वतःचा स्वयंपाक, धुणं, पाणी. चारला हॉटेल. दहाला सुटून घरी पोचेपर्यंत अकरा. ओपीडीची नोंदणी सकाळी होते आणि दुपारच्या आत खिडकी बंद होते. म्हणजे ज्या वेळात बालरोगतज्ज्ञ खुर्चीवर असतात, नेमक्या त्याच वेळात ती तीन घरांची भांडी घासत असते. त्यातलं एक घर तुमचं. इस्पितळाने, समजा, बुधवारची तारीख दिली तेव्हा ‘वयनी, बुधवारी माका येवक जमाचा नाय’ असं ती तुम्हाला म्हणाली होती का? म्हणाली असेल तर तुम्ही काय उत्तर दिलंत? म्हणाली नसेल, तर का म्हणू शकली नाही? कटकट वाटली तरी एकदा आठवून बघा.

आणि ‘फुकट’ या शब्दाचं काय करायचं? केसपेपर फुकट असेल, नेब्युलायझर फुकट असेल. पण गावातून म्हापशाच्या स्टँडपर्यंत एक बस, तिथून पुढे दुसरी, आणि पावसात कडेवर दीड वर्षाची मुलगी असेल तर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. पायलटच्या मागे दोन मुलांना घेऊन बसता येत नाही, म्हणून मग रिक्षा. तीन घरचा खाडा. दोनपर्यंत नंबर लागला नाही तर हॉटेलचाही खाडा, आणि हॉटेलवाल्याच्या लेखी असे दोन खाडे म्हणजे दुसरी बाई बघायला मोकळीक. त्यापेक्षा नाक्यावरच्या डॉक्टरकडे तीनशे रुपयांत वाफ आणि बाटलीतलं औषध घेणं तिला स्वस्त पडतं. तुमचे हजार रुपये बहुतेक तिथेच गेले असतील. कदाचित भाड्याच्या रूपाने ते तुमच्याकडेच परत आले असतील.

धाप मध्यरात्रीच का लागते, याचं एक कारण वैद्यकीय आहे. दम्याच्या प्रवृत्तीच्या मुलांना रात्री आणि पहाटे जास्त त्रास होतो. (मुलाला दमाच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील.) दुसरं कारण तिच्या दिवसात आहे. अकरा वाजता ती मुलाला नीट जवळ घेते आणि तेव्हा तिला त्याच्या छातीतली घरघर ऐकू येते. त्या वेळी कुणाकडे खाडा पडत नाही, तुमची गाडी दारात असते आणि कॅज्युअल्टीला बंद होणारी खिडकी नसते. तिच्या दिवसाला उघडं सापडणारं तेवढं एकच दार आहे, आणि मूल त्या दारातून आत जातं. आपण बाहेरून पाहतो आणि म्हणतो, बघा, साध्या तपासणीला येत नाहीत आणि ऊठसूट इमर्जन्सीला धावतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. नोकरीत असताना एका इस्पितळाच्या समाजसेवा विभागात माझ्याकडे फॉलोअपची वही होती. एका बाईच्या नावापुढे मी सलग तीनदा ‘गैरहजर’ लिहिलं आणि तिसऱ्या वेळी कंसात ‘आई बेफिकीर’. मग एकदा ती वॉर्डातच भेटली. तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बसची तिकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. तीनही तारखांची. ती आली होती. दोनदा नोंदणी बंद झाल्यावर पोचली, तिसऱ्यांदा चुकीच्या रांगेत दोन तास उभी राहिली. येऊन परत गेली, तर आमच्या वहीत त्याला ‘आलीच नाही’ म्हणतात. कंसातला शब्द मी खोडला खरा, पण गडद खाडाखोड केली की खालचं जास्तच उठून दिसतं.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवलंय की, चांगल्या उपचाराची उपलब्धता ही गरजेच्या उलट्या दिशेने चालते. ज्यांना जास्त गरज, त्यांना कमी मिळतं. त्यांनी त्याला नियमच म्हटलं. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, आपल्याकडे कमी मिळालेल्यांना वरून बोलणीही मिळतात.

आता ती भिंत.

‘काळी-हिरवी करून टाकली आहे’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, हिरवा रंग भाडेकरू लावत नाहीत. जूनपासून कोसळणारा पाऊस, जुनी भिंत, गळका पत्रा किंवा सरकलेलं कौल असलं की भिंत ओल धरते आणि ओलीवर बुरशी येते. काळा रंग चुलीचा, हे खरं. पण श्रावणात भिजलेली लाकडं फुंकत बसायची हौस कुणाला असते? गॅस नाही म्हणून चूल. बाहेर आडोसा नाही म्हणून कपडे आत. ओल, बुरशी आणि लाकडाचा धूर या तीन गोष्टी मुलांची श्वासनळी खूप चिडवतात, आणि त्या तिन्हींच्या कुशीत तो पोरगा रोज झोपतो. इस्पितळ त्याची छाती मोकळी करून त्याला परत त्याच भिंतीशी पाठवतं. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं ते वाक्य मला पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाटलं. कुठल्याही केसपेपरवर ते नसणार.

अमेरिकेत बोस्टन सिटी हॉस्पिटलच्या बालरोग विभागाचे प्रमुख बॅरी झकरमन यांच्यापुढे हेच आलं होतं. दम्याची मुलं बरी होऊन जायची आणि परत यायची, कारण घरातली बुरशी तशीच. औषध बदलून उपयोग नव्हता आणि घरमालक डॉक्टरांचं ऐकत नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी इस्पितळात चक्क वकील आणले. वकिलाचं पत्र गेलं की घरमालक भिंत दुरुस्त करायचा. त्यातूनच डॉक्टर आणि वकील जोडीने काम करण्याची पद्धत तिकडे रुजली. पुढे २०१६ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असंही सांगितलं की, मुलाला तपासताना घरच्यांना खाणं, घर, पैसा यांची अडचण आहे का तेही विचारा. तिथल्या डॉक्टरांना घरमालकापर्यंत पोचायला वकील लागला. इथे घरमालकिणीने स्वतःच पत्र लिहिलंय. मला तर हे भाग्यच वाटतं.

तुमचे पर्याय बघू.

चाइल्डलाइन, म्हणजे १०९८. मूल मार खातंय, कोंडलं जातंय, टाकून दिलंय असं दिसलं तर क्षणभर थांबू नका. तुमच्या पत्रात तसं एकही वाक्य नाही. त्यात दहा तासांहून जास्त राबून आल्यावर मध्यरात्री मुलाला उचलून दार ठोठावणारी आई आहे. तिला बेपर्वा ठरवण्याआधी तिला सोयीच्या वेळी एकदा तरी डॉक्टर मिळाला होता का, ते बघायला हवं. असेही आईबाप असतात ज्यांना सगळी सोय करून दिली तरी मुलाचं पडलेलं नसतं, मी भेटले आहे त्यांना. पण ते सोय करून दिल्यावर कळतं, आधी नाही.

खोली सोडायला सांगणं तुमच्या हातात आहे. त्याने तुमची झोप परत येईल. मुलगा दुसऱ्या कुठल्या तरी ओल्या भिंतीशी झोपेल आणि तिथे गाडी नसेल. त्याहून जास्त मी लिहीत नाही.

पैसे देत राहणं हा तिसरा मार्ग, आणि खरं सांगायचं तर मला तो कमी पटतो. पाचशेच्या नोटेने बुधवारची सकाळ विकत घेता येत नाही. तिला सुट्टी हवी आहे, आणि ती कापून न घेता. हे तुम्ही करू शकता. दोन महिन्यांतून एक-दोन सकाळी, पगार न कापता, आधी ठरवून. बाकीच्या दोन घरांशी तुम्हीच बोललात तर जास्त बरं, बायका बायकांचं ऐकतात. ‘तारीख असेल त्या दिवशी आपण तिघी कुणीच खाडा धरायचा नाही’ एवढंच बोलायचंय.

मग त्या बुधवारी ओपीडीत काय मागायचं, तेही सांगते. रात्रीची वाफ काही तासांचा आराम देते. वारंवार धाप लागणाऱ्या मुलाला रोज घ्यायचा, सूज आवरणारा पंप (इनहेलर) लागतो का, हे दिवसाच्या डॉक्टरांना विचारायचं असतं, कॅज्युअल्टीतल्यांना नव्हे. पंप दिला तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी, तीही मागून घ्यायची आणि कसा लावायचा ते तिथेच करून दाखवायला सांगायचं. स्पेसर परवडत नसेल तर ५०० मिलीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचाही करता येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तो मुलांवर तपासून पाहिलाय आणि तो विकतच्या इतकाच चालतो. पण तो घरी अंदाजाने कापू नका, डॉक्टरांकडूनच नीट समजून घ्या. ‘पंपाची सवय लागते’ असं तिला शेजारपाजारी कुणीतरी सांगणारच आहे. ती गोष्ट खरी नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवा.

आणि रात्रीसाठी. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, मूल पाणी पिऊ शकत नाही, बोलताना शब्द तुटतोय, ओठ निळसर दिसतायत किंवा मूल सुस्त पडलंय, यातलं काहीही दिसलं की लगेच १०८. ती गाडी फुकट येते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो, जो तुमच्या यजमानांच्या गाडीत नाही. त्यांच्या झोपेचाही विचार केला पाहिजे.

इलाजाच्या सरकारी कार्डांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, म्हणून थांबते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला गोव्यात ५ वर्षांचं वास्तव्य लागतं, यांची तीनच झाली. महाराष्ट्रातून आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर ते देशात कुठल्याही संलग्न इस्पितळात चालतं. पण ही कार्डं मुख्यतः भरती झाल्यावर कामाला येतात. खाटेवर चालतात, ओपीडीच्या बाकावर चालत नाहीत. त्यामुळे ‘कार्ड काढून दे’ म्हणून आपण सुटत नाही.

रेशनचं मात्र विचारा. गावचं कार्ड अन्नसुरक्षेतलं असेल तर ते इथल्या रास्त भाव दुकानातही आधारच्या ठशावर चालतं. पहिल्या टप्प्यात, जानेवारी २०२० मध्ये, जी १२ राज्यं या सोयीत आली त्यांत गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही होती. माणशी महिना ५ किलो धान्य. गावाकडे सासूसासरे त्याच कार्डावर धान्य उचलत असतील तर आपला वाटा तेवढा इथे घ्यायचा, तशी विभागून उचल करता येते. अनेकांना हे माहीतच नसतं आणि महिन्याचे तेवढे पैसे दुकानात जातात.

मुलगा अंगणवाडीत जातो का? तुमच्या पत्रात तो सबंध सकाळ कुठे असतो ते नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम जेवण मिळतं, धाकटीला घरी न्यायचा आहार मिळतो, आणि सरकारच्या बाल आरोग्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तिथेच तपासायला येतं. म्हणजे डॉक्टर काही अंशी तिच्या वेळेत, तिच्या गावात येतो. सेविकेशी ओळख करून द्यायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. तुम्ही गावच्या, तुमचा शब्द चालतो. भाडेकरूचा चालायला वेळ लागतो.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. भाव किलोमागे जास्त पडतो, म्हणून कायमची जोडणी बरी. उज्ज्वला या गरीब घरांसाठीच्या सरकारी गॅस योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ पासून, स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र चालतं. घरात आधीच कुणाच्या नावावर जोडणी असेल तर मात्र मिळणार नाही. भाड्याचा साधा करार करून दिलात तर पुढच्या बऱ्याच कागदांना तो उपयोगी पडेल. तशीही भाडेकरूची पडताळणी पोलिसांत करून घ्यायची असतेच, ती राहिली असेल तर एकाच फेरीत दोन्ही होईल. आणि तिच्या नवऱ्याने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नाव घालता येतं, तेही बघायला सांगा.

हे सगळं एका दमात तिला ऐकवू नका. उद्या काम आटोपल्यावर तिला खुर्ची द्या, चहा द्या आणि विचारा, ‘मागच्या तारखेला काय झालं होतं?’ ‘का नाही गेलीस?’ असं नको. त्या प्रश्नाला फक्त मान खाली जाते. पहिल्यांदा विचारल्यावर ती ‘काय नाय’ म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. ती कदाचित मी लिहिलेल्यातलं काहीच सांगणार नाही, वेगळीच अडचण सांगेल. मग माझं पत्र बाजूला ठेवा आणि तिचं ऐका.

घरी कामाला बाई असणाऱ्या इतर वाचकांनीही एवढं बघावं की, आपल्याकडच्या बाईला मुलाच्या आजारपणाची पगारी सुट्टी आहे का. बहुतेकांकडे नसेल. इस्पितळातली कुणी मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तारीख लिहिण्याआधी ‘कुठला वार जमेल?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाने किती गैरहजेऱ्या वाचल्या असत्या हे मला माझ्या वहीवरून माहीत आहे.

भिंतीचं राहिलं. चवथ तोंडावर आली की आपल्याकडे रंगकाम आणि डागडुजीला माणूस मिळत नाही, गवंडी म्हणतो चवथ झाल्यावर बघू. पण तुम्हाला लांब शोधायला नको, गवंडी तुमच्याच खोलीत राहतो. कौलं किंवा पत्रा कुठे गळतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. साहित्य आणून द्या. आत्ता तात्पुरतं प्लॅस्टिक घालून घ्या, बुरशी खरवडून काढताना मुलांना तुमच्या ओसरीवर बसवा, आणि चूल बाहेर पडवीत घेता येईल एवढा आडोसा करा. पाऊस सरला की भिंतीचा गिलावा. त्या दिवसांची मजुरी त्याला रोखीने द्या, भाड्यात वळती करू नका.